पहिलीचे वाचन आणि घरची बोली

वाचता येणे म्हणजे काय, असा प्रश्न महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला विचारला तर त्याला हसू येईल. सायकल चालवता येऊ लागली की आपण किती वेळा पडलो, गुडघे किती वेळा फुटले, हे जसे आठवत नाही, तसेच वाचनाचेही आहे. परंतु सावली तालुक्यातील, किंबहुना चंद्रपूर-गडचिरोलीच्या या साऱ्या मुलखातील, कुठल्याही गावच्या शाळेत पहिलीच्या वर्गात पाऊण तास बसून पाहावे. सहा वर्षांच्या मुलाला केवढा डोंगर चढावा लागतो ते ध्यानात येते.

आपल्यापैकी पुष्कळजण आपल्या घरातले पहिलेच पदवीचे विद्यार्थी आहेत. काहीजण उद्या शिक्षक होतील आणि बहुतेकजण आईबाप होतील. म्हणून लहान मूल वाचायला कसे शिकते, आणि त्यात त्याच्या आईबापांचा वाटा काय, याचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे. शिकलेल्या आईबापांचे सोडा. ज्यांना स्वतःला अक्षरओळख नाही त्यांचाही त्यात वाटा आहे, आणि तो मोठा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अक्षरे आली, वाचन आले नाही

आपल्याकडे वाचन शिकवण्याचा जुना क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे आणि सरतेशेवटी शब्द व वाक्ये. आपली वर्णमाला ही मोठी शास्त्रशुद्ध रचना आहे यात शंका नाही. कंठातून निघणारे वर्ण आधी, मग टाळू, मूर्धा, दात आणि शेवटी ओठ, अशी तिची मांडणी आहे. पण ही मांडणी व्याकरणकारांच्या सोयीची आहे, सहा वर्षांच्या मुलाच्या सोयीची नव्हे. या क्रमाने गेले तर क, ख, ग, घ झाल्याबरोबर मुलासमोर ङ येतो. या अक्षराने सुरू होणारा एकही शब्द त्याच्या घरात कोणी बोलत नाही. आणि 'माय' मधला म मात्र पंचविसाव्या जागी बसलेला असतो!

शिवाय संख्येचा हिशेब पाहा. आपली व्यंजने ३४. प्रत्येकाची बाराखडी केली तर ४०८ रूपे होतात. ही सगळी घोकून झाल्याशिवाय वाचायला काही द्यायचे नाही, असे ठरवले तर वर्ष सरते आणि वाचनाची गोडी लागण्यापूर्वीच कंटाळा येतो.

यात आणखी एक फसगत होते. मूल अंकलिपी उघडून 'अ अननसाचा'पासून 'ज्ञ यज्ञाचा'पर्यंत धडाधड म्हणून दाखवते. घरी आईबाप खूश, शाळेत गुरुजी खूश. मात्र चित्र हाताने झाकून मधलेच एखादे अक्षर विचारले की गाडी अडते. मूल वाचत नसते, पाठ म्हणत असते. अननस तर आपल्याकडच्या कित्येक मुलांनी पाहिलेलाही नसतो, आणि ईडलिंबू म्हणजे काय हे मोठ्यांनाही सांगता येत नाही.

लिपीच्या स्वतःच्याही काही अडचणी आहेत. घ आणि र सुटे म्हटले तर 'घ-र' होते. ते जोडून 'घर' करताना र मधला अ गिळावा लागतो. ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी, उच्चारली जाते नंतर. 'चमचा' मधला च वेगळा आणि 'चिमणी' मधला वेगळा. मोठ्या माणसाला या गोष्टी खिजगणतीतही नसतात, पण नव्याने शिकणाऱ्याला त्या प्रत्येक पावलावर अडवतात.

याचा परिणाम काय होतो? 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होत आली आहे. तिची कसोटी साधी आहे. मुलासमोर अक्षरे, शब्द, छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट ठेवायची व त्याला कुठवर वाचता येते ते पाहायचे. २०१८ साली ग्रामीण भारतात तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे २७ मुलांनाच दुसरीची गोष्ट वाचता आली. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, आणि २०२२ च्या पाहणीत हा आकडा २० च्या आसपास घसरला. २०२४ मध्ये तो पुन्हा २७ वर आला. म्हणजे महामारीने जे नेले ते भरून आले, पण मूळचे दुखणे होते तसेच राहिले.

तिसरी हा या प्रवासातला नाका आहे. तोवर मूल वाचायला शिकते. त्यानंतर ते वाचून शिकते, असे शाळा गृहीत धरते. परिसर अभ्यास असो की गणितातील शाब्दिक उदाहरण, सारे वाचनावर चालते. ज्याला वाचता येत नाही ते मूल मागच्या बाकावर जाऊन गप्प बसते. हजेरीपटावर ते असते, पण वर्गात नसते. शासनाने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' हे अभियान सुरू केले आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले, ते याच कारणाने.

'पानी' चूक की बरोबर?

आता आपल्या भागाचा खास प्रश्न. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग येथे झाडीबोली बोलली जाते. या बोलीचा अनेक वर्षे अभ्यास करणारे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिची वैशिष्ट्ये विस्ताराने मांडली आहेत. या बोलीत ण नाही, तेथे न येतो. ळ नाही, तेथे र येतो. श च्या जागी स येतो. म्हणून पाणी होते 'पानी', डोळा होतो 'डोरा', शेत होते 'सेत'. ही जिभेची चूक नव्हे. बोलीचा नियम आहे, आणि तो सगळे गाव पाळते.

असे मूल शाळेत येते. पुस्तकात 'पाणी' छापलेले असते, मूल त्यावर बोट ठेवून 'पानी' म्हणते. येथे शिक्षकाने काय करावे? तत्काळ 'चूक!' म्हणावे का? थोडा विचार केला तर ध्यानात येईल की मुलाने वाचन अचूक केले आहे. छापील खुणेवरून तो नेमक्या त्या वस्तूपर्यंत पोचला, अर्थ त्याच्या हाती लागला. त्याचा उच्चार प्रमाणभाषेचा नाही, एवढेच. वाचनाची चूक आणि उच्चारातला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की बरोबर वाचूनही आपण चुकलो असे मुलाला वाटते. असे चार वेळा झाले की ते तोंड उघडायचे सोडते. जी भाषा त्याची माय बोलते, आजा बोलतो, तीच चूक असेल तर बोलायचे तरी कोणत्या भाषेत?

यावर कोणी म्हणेल, मग प्रमाणभाषा शिकवायचीच नाही काय? असे मुळीच नाही. वर्तमानपत्र, अर्ज, परीक्षा, कचेरी, सगळीकडे तिची गरज आहे, आणि ती आपल्या मुलांना उत्तम आलीच पाहिजे. प्रश्न क्रमाचा आहे. ओळखीच्या काठावरून होडीत बसायचे आणि मग पैलतीर गाठायचा. 'आपण घरी पानी म्हणतो, पुस्तकात पाणी लिहितात' एवढे प्रेमाने सांगितले तर मूल दोन्ही सांभाळते.

ज्या घरी गोंडी किंवा माडिया बोलतात तेथे तर उच्चाराचाच नव्हे, अख्ख्या भाषेचा फरक असतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सांगतो की शिक्षणाचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडीतून शिकवणारी शाळा सुरू केली. पुढे तिच्या मान्यतेचा प्रश्न उभा राहिला, तो भाग वेगळा. पण आदिवासी पालकांना शिक्षणाची आस्था नसते, असे म्हणणाऱ्यांनी या गावाचे उदाहरण जरूर पाहावे.

आपल्या सावलीला तर या विचाराचा जुना शेजार आहे. १९३६ साली गांधी सेवा संघाचे संमेलन सावलीत भरले होते व त्यासाठी महात्माजी येथे आले होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली गेली. तिच्यात दोन गोष्टींवर भर होता: शिक्षण मातृभाषेतून आणि हातच्या उद्योगाशी जोडलेले. पहिलीच्या वाचनालाही या दोन्ही गोष्टी तंतोतंत लागू पडतात.

असा वर्ग कसा चालतो?

पहिली पायरी बोलण्याची. शिक्षक रोवणीचे किंवा बाजाराचे मोठे चित्र भिंतीवर लावतात आणि मुलांना आपापल्या शब्दांत बोलू देतात. एखादा म्हणतो, 'माय रानात गेली.' शिक्षक हेच वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहितात आणि शब्दाखाली बोट फिरवीत वाचून दाखवतात. आपण बोललो ते लिहिता येते, आणि लिहिलेले पुन्हा बोलता येते, हा शोध मुलाला त्या क्षणी लागतो. वाचनाचे सारे मर्म त्यात आले.

दुसरी पायरी कानाची. 'मका म्हणताना आधी काय ऐकू येते? तसेच आणखी शब्द सांगा.' मुले सांगतात: माय, मामा, मोह, मीठ. 'तलाव' म्हणताना टाळ्या किती? त-ला-व, तीन. हा खेळ पाटी-लेखणीविना चालतो, पण त्यावाचून अक्षर आणि आवाज यांची सांगड बसत नाही.

तिसरी पायरी निवडक अक्षरांची. समजा सुरुवातीला क, म, र, न, ल, त, व, ग ही आठच अक्षरे आणि सोबत फक्त काना घेतला. एवढ्या भांडवलावर मका, कान, नाक, रान, गाव, नाव, काम, लाल, वारा, तलाव, वानर असे शब्द तयार होतात. 'गावात तलाव', 'रानात वानर' अशी छोटी वाक्येही होतात. काही आठवड्यांतच मूल खरेखुरे वाचू लागते, आणि यातला प्रत्येक शब्द त्याच्या ओळखीचा असतो. या आठांपैकी एकही अक्षर असे नाही की ज्याचा आवाज झाडीबोलीत नाही. ण, ळ, श यांची पाळी मागाहून येते, तोवर मुलाला धीर आलेला असतो. अशा रीतीने गटागटाने अक्षरे शिकवण्याचे काम फलटणला १९८४ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत शिक्षण संस्थेने मॅक्सीन बर्नसन यांच्या मार्गदर्शनाखाली केले, आणि १९८६ मध्ये सुरू झालेल्या कमला निंबकर बालभवनातून त्याचा अनुभव अनेक शिक्षकांपर्यंत पोचला.

चौथी पायरी ऐकण्याची. मुलाला स्वतःला वाचता येणार नाही अशी चांगली गोष्ट शिक्षकांनी रोज वाचून दाखवायची, आणि मध्येच थांबून विचारायचे, 'पुढे काय होईल?' आपण कशासाठी एवढे कष्ट घेत आहोत ते मुलाला यातून कळते. पाचवी पायरी लिहिण्याची. नुसते उतरवून काढणे नव्हे. स्वतःच्या मनातला एखादा शब्द, एखादे वाक्य. त्यात ऱ्हस्वदीर्घ चुकले तर आकाश कोसळत नाही.

मुलाच्या जीवनातला शब्द हाच पहिला धडा, ही कल्पना जगात इतरत्रही फळाला आली आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिका प्रत्येक मुलाला विचारीत, 'तुला आज कोणता शब्द हवा?' तो शब्द जाड कागदावर लिहून त्याच्या हाती देत. मुलाच्या जिव्हाळ्याचा शब्द असला की तो दुसऱ्या दिवशी बिनचूक ओळखला जाई. 'टीचर' या १९६३ च्या पुस्तकात त्यांनी ही हकिगत लिहिली आहे. आपल्या मुलांना असा प्रश्न केला तर मोह, धान, वाघ, बैल, नाटक असे शब्द येतील. झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम आला की गावोगाव रंगीत पत्रके फिरतात. त्यांवरची मोठी अक्षरे, एस.टी.ची पाटी, खताची पिशवी हेसुद्धा मुलांचे वाचनसाहित्यच होय.

गोष्टीला हुंकार लागतो

आता पालकांकडे वळू. पुष्कळ ठिकाणी पालकसभा म्हणजे सह्या आणि तक्रारी. 'तुमचा मुलगा अभ्यास करीत नाही' असे चारचौघांत ऐकून घ्यायला कोणता बाप रोजी बुडवून येईल? ज्याला स्वतःला वाचता येत नाही त्याला तर शाळेच्या पायरीचीच धास्ती वाटते. 'आम्ही अडाणी, आम्हाला काय समजते?' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे.

या समजुतीला उत्तर देणारा एक प्रयोग लंडनच्या हॅरिंगे भागात १९७६ ते १९७८ या काळात झाला. सहा ते आठ वर्षांच्या मुलांनी शाळेतले पुस्तक नियमितपणे घरी न्यायचे आणि आईबापांना वाचून दाखवायचे, एवढाच तो प्रयोग. काही आईबापांना इंग्रजी धड येत नव्हते, काहींना मुळीच वाचता येत नव्हते. तरीही या मुलांचे वाचन स्पष्टपणे सुधारले. तुलनेसाठी दुसऱ्या एका गटाला शाळेतच जादा शिक्षिकेची मदत दिली होती. त्या गटात एवढी सुधारणा दिसली नाही. टिझार्ड, स्कोफील्ड आणि ह्यूइसन यांनी १९८२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. पस्तीस मिनिटांच्या तासात पंचवीस मुलांनी पाळीपाळीने वाचले तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिटही येत नाही. घरी रोज दहा मिनिटे वाचले, आणि पाचवीपर्यंतच्या वर्गांसाठी कायद्याने ठरवलेले वर्षाचे किमान दोनशे दिवस धरले, तर दोन हजार मिनिटे, म्हणजे तेहतीस तासांहून अधिक सराव होतो. एवढा वेळ कोणताही शिक्षक एकेका मुलाला देऊ शकणार नाही.

मग निरक्षर आईने नेमके काय करावयाचे? आपल्याकडे आजी गोष्ट सांगते तेव्हा समोरच्याने 'हूं' म्हणावे लागते. हुंकार थांबला की गोष्टही थांबते. वाचणाऱ्यालाही तसाच हुंकार लागतो. चूल पेटवताना, भाजी निवडताना आईने म्हणावे, 'वाच, मी ऐकते. मग? पुढे काय झाले?' मूल अडखळले आणि वाक्याचा अर्थ लागेनासा झाला तर तिला ते कळते. 'असे कसे होईल? पुन्हा पाहा बरे' एवढे म्हटले की मूल पुन्हा त्या ओळीकडे वळते. त्यासाठी अक्षर यावे लागत नाही, भाषा यावी लागते. आणि भाषा तिला शिक्षकांइतकीच येते. कोडी, म्हणी, उखाणे, दंडारीतली सोंगे, मोहाच्या दिवसांतल्या जंगलातल्या गोष्टी, हे तिचे आणखी धन. शिक्षकांनी एखाद्या आजीला वर्गात बोलावून तिची गोष्ट ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावली, तर मुले ती आधी वाचतील. आजीचाही शाळेशी संबंध जुळेल.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान झाले. त्यात पहिलीत येणाऱ्या मुलांच्या मातांचे वस्तीनिहाय गट करण्यात आले आणि घरच्या घरी करावयाच्या कृती त्यांना सांगण्यात आल्या. धान्य निवडताना मोजणे, वस्तूंची नावे सांगणे, चित्रावर गप्पा मारणे अशा साध्या कृतींतून आईला शाळेच्या कामात जागा मिळाली. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीतही तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले आहे. ही समिती केवळ खिचडी आणि रंगरंगोटी यांवर न थांबता 'आमची मुले वाचतात का?' असे विचारू लागली तर मोठे काम होईल.

मात्र पालकांना बोलवायचे तर त्यांचे पंचांग पाहिले पाहिजे. रोवणीच्या दिवसांत बाया पहाटेच बांधीत उतरतात. धान कापणीच्या वेळीही तेच. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफूल, मग तेंदूपत्ता. काही कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि मुलांची शाळा मध्येच तुटते. सभा सायंकाळी घ्यावी तर वाघाच्या वावरामुळे अंधारापूर्वी घरी पोचण्याची घाई असते. तेव्हा ऋतू पाहून, मोहल्ल्यातच, अर्ध्या तासाची बैठक घेणे शहाणपणाचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हेच केले. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज सर्वतोमुखी आहे, पण त्यामागचा हा विचार विसरून चालणार नाही.

येथे एक सावधगिरीही हवी. पालकांचा सहभाग म्हणजे शाळेची जबाबदारी आईच्या पदरात टाकणे नव्हे. दिवसभर चिखलात वाकून आलेल्या बाईला 'मुलाचा अभ्यास का घेतला नाही?' असे दरडावण्याचा अधिकार कोणालाही नाही. लहान गावांत एकाच शिक्षकाला दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळावे लागतात, त्यात माहिती भरण्याची कामे वेगळीच. शिक्षक पुरेसे असणे, मुलांना घरी नेता येतील अशी गोष्टीची पुस्तके असणे, ही शासनाची आणि समाजाची जबाबदारी आहेच. वाचायला शिकवायचे शाळेने; घराने ऐकायचे, बोलायचे आणि मुलाला रोज शाळेत धाडायचे.

आपण काय करू शकतो?

आपण विद्यार्थी या कामात हातभार लावू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावात होते. आपण नाल्या साफ करतो, वृक्षारोपण करतो, रात्री भजन-नाटिका करतो. हे सर्व चांगलेच आहे. त्याबरोबर प्रत्येक शिबिरार्थीने त्या सात दिवसांत एकाच मुलाचे वाचन रोज दहा मिनिटे ऐकावे आणि त्याच्या आईला सोबत बसवावे, म्हणजे आपण गेल्यावर ती पुढे ऐकेल. मराठीच्या विद्यार्थ्यांनी गावातल्या वृद्धांकडून दोन-दोन गोष्टी त्यांच्याच बोलीत उतरवून घ्याव्यात, मोठ्या अक्षरांत लिहाव्यात, चित्रकला येणाऱ्या मित्राकडून चित्रे काढून घ्यावीत आणि शिवलेली वही त्या शाळेला द्यावी. यासाठी अनुदान लागत नाही. बोलीच्या अभ्यासकांनाही तो संग्रह पुढेमागे उपयोगी पडेल.

आणि ज्यांच्या घरी धाकटी भावंडे पहिली-दुसरीत आहेत त्यांना तर शिबिराची वाट पाहण्याचेही कारण नाही. आज रात्री जेवणाआधी त्या मुलाला पुस्तक घेऊन बसवावे, आईलाही जवळ बोलवावे, आणि ते वाचू लागले की दोघांनी मिळून हुंकार द्यावा.